दावीदाचा शलमोनाला अखेरचा उपदेश: आधी नियमशास्त्र आणि लगेच मृत्युदंड, हे एकत्र कसे वाचावे?

प्रश्न – वाचक, धंतोली

नमस्कार मंडळी. धंतोलीतील आमच्या छोट्या वाचनगटाने यंदा राजधर्म हा विषय घेतला आहे. शांतिपर्वातील भीष्म आणि युधिष्ठिर यांचा संवाद वाचून झाल्यावर आम्ही हिब्रू धर्मग्रंथांकडे वळलो, आणि राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायावर आमची चर्चा अशी अडली आहे की जाणकारांना विचारल्यावाचून पुढे जाणे योग्य वाटत नाही.

ज्यांनी हा भाग वाचलेला नाही त्यांच्यासाठी प्रसंग सांगते. इस्राएलाचा राजा दावीद याने एकूण ४० वर्षे राज्य केले, त्यांपैकी ७ हेब्रोनात आणि ३३ यरुशलेमेत. आता तो इतका थकला आहे की कितीही पांघरुणे घातली तरी त्याच्या अंगात ऊब येत नाही. त्याचा मुलगा अदोनीया याने बापाच्या हयातीतच स्वतःला राजा म्हणवून घेतले. सेनापती यवाब आणि याजक अब्याथार त्याच्या बाजूने गेले. तेव्हा नाथान संदेष्टा आणि शलमोनाची आई बथशेबा यांनी दावीदाला जागे केले आणि गीहोन झऱ्यापाशी शलमोनाला घाईने अभिषेक झाला. त्यानंतर दावीद मुलाला जवळ बोलावून सांगतो की सगळे जग ज्या वाटेने जाते त्या वाटेने मी निघालो आहे, तू खंबीर हो, परमेश्वराच्या मार्गाने चाल, मोशेच्या नियमशास्त्रातील आज्ञा पाळ, म्हणजे इस्राएलाच्या राजासनावर आपल्या वंशातील पुरुष नाही असे कधी होणार नाही.

इथपर्यंत सगळे अपेक्षेप्रमाणे आहे. पण लगेच तो तीन नावे घेतो. यवाबाने अबनेर आणि अमासा या दोन सेनानायकांना मारले, त्याचे पिकलेले केस शांतपणे अधोलोकी जाऊ देऊ नकोस. गिलादी बर्जिल्लयाच्या मुलांना आपल्या पंक्तीला बसव, कारण बंड करून उठलेल्या अबशालोमापुढून मी पळालो तेव्हा ते माझ्या मदतीला आले. आणि शिमीने मला शिव्याशाप दिले होते. मी त्याला मारणार नाही अशी परमेश्वराची शपथ वाहिली आहे, पण तू शहाणा आहेस, त्याचे काय करायचे ते तुला कळेल.

आमच्या गटात दोन तट पडले. काहींच्या मते हा मरणाऱ्या माणसाच्या मनात साचून राहिलेला सूड आहे आणि वरची धर्मवचने त्याला पांघरूण म्हणून जोडली आहेत. इतरांना वाटते की राज्य सुरक्षित करणे हाही राजधर्मच आहे. मला स्वतःला दोन गोष्टी सलतात. यवाबाने अबशालोमाला, म्हणजे दावीदाच्या पोटच्या मुलाला, राजाची स्पष्ट आज्ञा मोडून ठार केले, तरी उपदेशात त्याचा उल्लेखही का नाही? आणि स्वतः शपथ वाहून जे करणार नाही असे म्हटले, ते मुलाकडून करवून घेणे म्हणजे शपथ पाळणे होते का?

उत्तर – महालकर

ताई, आपला पहिला प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण या उपदेशात जे सांगितलेले नाही तेच मला सर्वांत बोलके वाटते.

आधी जे सांगितले आहे ते पाहू. दावीदाचा आरोप केवळ खुनाचा नाही. यवाबाने शांततेच्या काळात युद्धाचे रक्त सांडले, आणि ते रक्त त्याच्या कमरपट्ट्याला आणि पायांतील वहाणांना लागले, असा तो आरोप आहे. अबनेर हा दावीदाच्या आधीचा राजा शौल याच्या घराण्याचा सेनापती. त्याने यवाबाचा भाऊ असाएल याला मारले होते, पण ते लढाईत, आणि तेही असाएलाला पाठलाग सोडण्याविषयी दोनदा बजावल्यानंतर. पुढे अबनेर दावीदाशी समेट करून हेब्रोनातून सुखरूप निघाला असताना यवाबाने त्याला मागे बोलावले आणि खासगी बोलायच्या निमित्ताने वेशीत बाजूला नेऊन पोटात शस्त्र खुपसले. यहोशवाच्या पुस्तकात हेब्रोन हे आश्रयाचे नगर म्हणून नोंदलेले आहे, म्हणजे सूडकऱ्याच्या हातून माणसाला संरक्षण मिळावे यासाठी नेमलेले. त्याच नगराच्या वेशीत हा खून झाला.

अमासाची कथा तर अधिकच अंगावर येते. तो अबशालोमाचा सेनापती होता. बंड मोडल्यावर दावीदाने यवाबाला बाजूला सारून त्यालाच सेनापतिपद देऊ केले. गिबोनातील मोठ्या शिळेजवळ दोघे भेटले. यवाबाची तलवार म्यानातून गळून पडली, त्याने ‘भाऊ, बरा आहेस ना?’ असे विचारत चुंबन घेण्यासाठी उजव्या हाताने अमासाची दाढी धरली, आणि दुसऱ्या हातातील तलवारीकडे अमासाचे लक्षच गेले नाही. एका घावात त्याची आतडी बाहेर आली. तो रस्त्याच्या मधोमध रक्तात पडून होता आणि मागून येणारे सैनिक थबकत होते, म्हणून कोणीतरी त्याला शेतात ओढून त्याच्यावर वस्त्र टाकले. यवाब आणि अमासा हे दावीदाच्या दोन बहिणींचे मुलगे, म्हणजे सख्खे मावसभाऊ होते, हे ध्यानात घेतले की ‘भाऊ’ या संबोधनाची भीषणता कळते.

या दोन्ही खुनांचा राजकीय लाभ दावीदाला झाला, किंवा झाला असे लोकांना वाटू शकत होते. अबनेराच्या तिरडीमागून तो स्वतः चालला, उपास केला, यवाबाच्या घराण्याला शाप दिला. पण शिक्षा केली नाही. अभिषिक्त राजा असूनही मी आज दुर्बल आहे, माझी बहीण सरूवा हिचे हे मुलगे, यवाब आणि त्याचा भाऊ, मला अनावर आहेत, असे त्याने त्याच वेळी बोलून दाखवले होते. निरपराधाचे रक्त भूमीला विटाळते आणि ते सांडणाऱ्याच्या रक्तावाचून फिटत नाही, ही त्या ग्रंथांतील दृढ समजूत आहे. शौलाने गिबोनी लोकांची कत्तल केली म्हणून दावीदाच्या काळात सलग ३ वर्षे दुष्काळ पडला आणि शौलाच्या वंशातील सात जणांना प्राण द्यावे लागले, अशी कथा शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. असा दुष्काळ स्वतः पाहिलेला राजा आपल्या घराण्यावर तसेच रक्त ठेवून जायला घाबरला असेल तर मला आश्चर्य वाटत नाही. यवाबाला मारण्याची आज्ञा देताना शलमोन हेच कारण सांगतो: विनाकारण सांडलेले रक्त माझ्यावरून आणि माझ्या बापाच्या घराण्यावरून दूर व्हावे.

आता जे सांगितलेले नाही त्याकडे येतो. अबशालोम बंडखोर होता आणि रणात मेला. ओकवृक्षाच्या फांद्यांत अडकून लोंबकळणाऱ्या त्या मुलाच्या छातीत यवाबाने तीन भाले खुपसले खरे, पण त्यामुळे राज्य वाचले हे दावीदासकट सर्वांना ठाऊक होते. त्याचा उल्लेख केला असता तर हा उपदेश बापाच्या दुःखाचा झाला असता, राजाच्या न्यायाचा राहिला नसता. मला यात संयम दिसतो.

दुसरे मौन मात्र अधिक जड आहे. उरीयाचे नाव या उपदेशात कुठेही नाही. बथशेबेच्या नवऱ्याला जिथे लढाई तुंबळ असेल तिथे पुढे ठेवून मागे सरा, असे पत्र दावीदाने यवाबाला लिहिले आणि ते उरीयाच्याच हाती धाडले. ती आज्ञा यवाबाने बिनबोभाट पार पाडली. निरपराध रक्ताचा संपूर्ण हिशेब मांडायचा ठरला असता, तर त्या यादीत दावीदाला स्वतःचे नाव घालावे लागले असते, आणि ते ऐकणारा शलमोन तर त्याच बथशेबेचा मुलगा. उपदेश करणाऱ्याच्या तोंडून हे निघाले नाही, पण ग्रंथकाराने पत्राची हकीकत काही पाने आधी सविस्तर लिहून ठेवली आहे. वाचकाने ती विसरावी अशी त्याची इच्छा दिसत नाही.

आणि राज्य सुरक्षित करण्याविषयी एवढेच म्हणेन की गादी बदलताना काय होते हे आपल्या नागपूरकरांना नवे नाही. १८१६ मध्ये दुसरे रघूजी भोसले वारले, गादीवर परसोजी आले, आणि पुढच्याच वर्षी त्यांचा खून होऊन अप्पासाहेबांच्या हाती सत्ता गेली. अदोनीयाला राजा करू पाहणारा सेनापती तसाच पदावर ठेवून शलमोनाचे राज्य किती दिवस टिकले असते, हा प्रश्न मला रास्त वाटतो.

उत्तर – विधिज्ञ, सिव्हिल लाइन्स

मी व्यवसायाने वकील आहे, म्हणून शपथेच्या प्रश्नापुरतेच लिहितो.

शिमी हा शौलाच्या कुळातला, बहूरीमचा. दावीद अनवाणी, डोके झाकून यरुशलेम सोडून चालला असताना हा टेकडीच्या कडेने चालत दगडमाती फेकत होता आणि ‘रक्तपाती माणसा, चालता हो’ असे ओरडत होता. यवाबाचा भाऊ अबीशय त्याचे डोके उडवायला निघाला, तेव्हा दावीदाने त्याला आवरले आणि म्हटले की परमेश्वरानेच त्याला शाप द्यायला सांगितले असेल तर आपण कोण विचारणार. दावीद जिंकून परतला तेव्हा हाच शिमी शौलाच्याच बन्यामीन वंशातले हजार लोक घेऊन यार्देन नदीवर सर्वांच्या आधी हजर झाला आणि पाया पडला. त्या वेळची शपथ शमुवेलाच्या पुस्तकात आहे: ‘तू मरणार नाहीस.’ मृत्युशय्येवर दावीद तीच शपथ मुलाला सांगतो तेव्हा तिचे रूप बदललेले आहे: ‘मी तुला तलवारीने मारणार नाही.’ पहिल्या वचनात शिमीच्या जिवाची हमी आहे, दुसऱ्यात फक्त दावीदाच्या हाताची. कोणत्याही दस्तऐवजात असा बदल आढळला तर आम्ही तिथेच बोट ठेवू.

पुढे शलमोनाने काय केले तेही बारकाईने वाचण्यासारखे आहे. त्याने शिमीला यरुशलेमेत घर बांधून राहायला सांगितले, बाहेर कुठेही जाऊ नकोस असे बजावले, आणि ज्या दिवशी किद्रोन ओहोळ ओलांडशील त्या दिवशी मरशील, असे सांगितले. शिमीने ते मान्य केले. किद्रोन नगराच्या पूर्वेला आहे, बहूरीमकडे जाण्याच्या वाटेवर. म्हणजे शिमीने आपल्या लोकांत जाऊ नये हा त्या अटीचा उघड हेतू. ३ वर्षांनी त्याचे दोन दास पळून गथ येथील राजा आखीश याच्याकडे गेले, आणि शिमी गाढवावर खोगीर घालून त्यांना आणायला गेला. गथ पश्चिमेला, पलिष्ट्यांच्या मुलखात आहे. तिकडे जाताना किद्रोन लागत नाही. ‘कुठेही जाऊ नकोस’ ही अट मोडली हे खरे, पण जिचे नाव घेऊन मरणाची धमकी दिली होती ती सीमा त्याने ओलांडली नाही. शिवाय शलमोन त्याला जाब विचारताना म्हणतो की मी तुला परमेश्वराची शपथ वाहायला लावली नव्हती का. पण मूळ प्रसंगाच्या वर्णनात शपथेचा उल्लेख नाही, शिमीची फक्त संमती आहे. आणि हे सगळे झाल्यावर खरे कारण निघतेच: माझ्या बापाशी तू जी दुष्टाई केलीस ती तुझ्या मनाला ठाऊक आहे.

माझे मत असे की अक्षरशः पाहिले तर दावीदाची शपथ मोडली नाही, कारण ती त्याने स्वतःपुरती वाहिली होती आणि तो ती स्वतः मोडल्यावाचून मेला. वारसाने नव्याने अट घातली, ती मोडली गेली, आणि नव्या गुन्ह्यासाठी शिक्षा झाली. हे सर्व कायदेशीर म्हणता येईल. न्याय्य म्हणायला मी तयार नाही.

प्रश्नकर्ती – वाचक, धंतोली

दोघांचेही मनापासून आभार. किद्रोन आणि गथ यांच्या दिशांचा मुद्दा आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आला नव्हता, आणि तो मी पुढच्या बैठकीत नकाशासह मांडणार आहे. दोन गोष्टी आणखी विचारते. हा उपदेश दावीदाच्या तोंडी नंतर घातला गेला असावा, असे अभ्यासक मानतात का? आणि बर्जिल्लयाविषयी कोणीच काही लिहिले नाही. दोन मृत्युदंडांच्या मध्ये त्याला का ठेवले असेल?

उत्तर – बायबल-अध्यापक, सदर

ताई, बर्जिल्लयापासून सुरुवात करतो, कारण या अध्यायावर बोलताना त्याच्याकडे नेहमीच दुर्लक्ष होते.

दावीद पळत यार्देनेपलीकडील महनाईमास पोहोचला तेव्हा त्याचे लोक भुकेले, तहानलेले आणि थकलेले होते. त्या वेळी जे तिघे मदतीला आले त्यांत हा ८० वर्षांचा संपन्न म्हातारा होता. त्यांनी आणलेल्या वस्तूंची यादीच ग्रंथकाराने दिली आहे: अंथरुणे, पातेली, मातीची भांडी, गहू, जव, पीठ, भाजलेले धान्य, वाल, मसूर, मध, लोणी, मेंढरे, चीज. पाठीमागे सैन्य लागलेले असताना, आणि राजा पुन्हा राजा होईल याची खात्री नसताना, ही मदत झाली. दावीद परतताना त्याला म्हणाला की माझ्याबरोबर यरुशलेमेस चल, मी तुझा सांभाळ करीन. त्यावर बर्जिल्लयाने विचारले की मला आता खाण्यापिण्याची चव कळते का, गाणाऱ्यांचे गाणे ऐकू येते का, मी राजाला भार का व्हावे. मला माझ्या गावी आईबापांच्या कबरेजवळ मरू द्या. त्याने किम्हाम नावाच्या तरुणाला पुढे केले, बहुधा त्याचाच मुलगा. दावीद मरताना त्याच्या मुलांची आठवण ठेवतो, म्हणजे ज्याला स्वतःसाठी काहीच नको होते त्याचे ऋण तो सर्वांत पक्के धरतो. शतकांनंतर यिर्मयाच्या पुस्तकात बेथलेहेमाजवळच्या एका ठिकाणाला किम्हामाचे नाव आढळते, आणि बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्यांत बर्जिल्लयाच्या मुलीशी लग्न करून त्याचेच नाव लावणारे एक याजक घराणे एज्राच्या पुस्तकात भेटते. या कुटुंबाची स्मृती टिकली, एवढे यावरून निश्चित दिसते.

त्याचे स्थान मला हेतुपूर्वक ठेवलेले वाटते. शिमी आणि बर्जिल्लय हे दोघेही त्याच पलायनाच्या वाटेवर भेटलेले आहेत. एकाने दगड फेकले, दुसऱ्याने अंथरूण दिले. नव्या राजाला दोन्ही परतफेडी शेजारी ठेवून सांगितल्या जातात.

आता रचनेविषयी. पहिली धर्मवचने ‘अनुवाद’ नावाच्या, मोशेच्या पाच ग्रंथांतील शेवटच्या पुस्तकाच्या भाषेत आहेत आणि मोशेनंतरचा पुढारी यहोशवा याला मिळालेल्या आज्ञेशी त्यांचे इतके साम्य आहे की बहुतेक अभ्यासक ती पुढच्या संपादकाची मानतात. उरलेला भाग हा दावीदाच्या उत्तराधिकाराच्या सलग कथानकाचा शेवट असल्याचे मत लेओनहार्ड रोस्ट या जर्मन विद्वानाने १९२६ मध्ये मांडले आणि ते दीर्घकाळ प्रभावी राहिले. शलमोनाने सत्तेवर येताच जे मृत्युदंड दिले त्यांना बापाची संमती दाखवण्यासाठी हा उपदेश रचला गेला, असेही काही अभ्यासक म्हणतात. अदोनीयाचे नाव बापाच्या यादीत नाही, तरी पहिला बळी त्याचाच गेला, हे या मताला पोषक आहे. यवाबाला वेदीपाशी मारणारा बनाया त्याच्याच जागी सेनापती झाला आणि अब्याथाराच्या जागी सादोक याजक आला, हेही विसरू नये.

परंतु केवळ समर्थनासाठी लिहिणारा लेखक किद्रोनाची अट आणि गथचा प्रवास असे शेजारी ठेवणार नाही. स्वच्छ चित्र हवे असणारा लेखक कसा लिहितो हे बायबलातील ‘इतिहास’ नावाच्या पहिल्या पुस्तकात दिसते. तिथे दावीद भर सभेत उभा राहून शलमोनाला मंदिराचा आराखडा देतो, सोन्याचांदीचा साठा सुपूर्द करतो आणि खंबीर राहण्यास सांगतो. त्या निरोपात यवाब नाही, शिमी नाही, अंगात ऊब न येणारा म्हाताराही नाही. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या २३व्या अध्यायात तर ‘दावीदाची अखेरची वचने’ म्हणून एक वेगळेच काव्य आहे, ज्यात न्यायाने राज्य करणाऱ्याला निरभ्र पहाटेच्या सूर्योदयाची उपमा दिली आहे. हे सर्व निरोप परंपरेने जपले, एकासाठी दुसरा खोडला नाही, याचा मला मनापासून आदर वाटतो.

शहाणपणाचा मुद्दाही आहे. दावीद दोनदा शलमोनाच्या शहाणपणाचा हवाला देतो, आणि दोन्ही वेळा ते शहाणपण माणूस मारण्यासाठी वापरायचे आहे. पुढच्याच अध्यायात शलमोन स्वप्नात परमेश्वराकडे न्याय करण्यासाठी समंजस मन मागतो, जणू त्याच्याजवळ होते ते पुरेसे नव्हते. आणि हे मागणे तो गिबोनात मागतो, जिथे अमासा पडला होता.

विधिज्ञांच्या निष्कर्षाशी मात्र मी सहमत नाही. महालकरांनी गिबोनी लोकांच्या दुष्काळाची कथा रक्तदोषासाठी सांगितली, पण तीच कथा शपथेविषयीही आहे. गिबोनी लोकांना मारणार नाही ही शपथ यहोशवाच्या काळात वाहिलेली होती. शौलाने ती मोडली, कित्येक पिढ्यांनंतर, आणि ती त्याच्यावर बंधनकारक ठरली. त्याच प्रसंगी दावीदाने शौलाचा मुलगा आणि आपला मित्र योनाथान याच्या मुलाला, मफीबोशेथाला, वाचवले, आणि कारण दिले ते योनाथानाशी झालेल्या शपथेचे, योनाथान मरून कित्येक वर्षे झालेली असताना. तेव्हा वाहणाऱ्याबरोबर शपथ संपते असे त्या जगात कोणी मानत नव्हते, आणि दावीदाला तर हे स्वानुभवाने ठाऊक होते.

उत्तर – विधिज्ञ, सिव्हिल लाइन्स

अध्यापक महोदयांनी गिबोनी शपथेचा जो दाखला दिला तो निर्णायक आहे, आणि त्याने शलमोनाच्या वागण्यातील एक गाठ सुटते. यवाबाने आश्रयासाठी वेदीची शिंगे, म्हणजे तिच्या कोपऱ्यांवरील उंचवटे, धरलेली असतानाही त्याला सवलत मिळाली नाही. कपटाने खून करणाऱ्याला वेदीपासूनही ओढून न्यावे असा ‘निर्गम’ या पुस्तकाच्या २१व्या अध्यायातील नियम त्याच्या विरुद्ध होता आणि त्याच्या बाजूने कोणाचीही शपथ नव्हती. शिमीच्या बाबतीत मात्र शलमोनाने नवी अट घातली, तिच्यासाठी त्याची संमती घेतली, ३ वर्षे थांबला, आणि शेवटी शिमीनेच शपथ वाहिली होती असे म्हणाला. बापाची शपथ बापाबरोबर संपली असती, तर यातले काहीच करण्याची गरज नव्हती.